वेष आणि व्रत

सन २०२४ च्या जून महिन्यांत युरोपांतील राष्ट्रांच्या फुटबॉल-स्पर्धा जर्मनींत भरल्या होत्या. पहिला सामना १४ जून रोजीं म्यूनिक येथें, यजमान जर्मनी व स्कॉटलंड या दोन संघांत व्हावयाचा होता. त्या संध्याकाळीं आमच्या घरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर म्यूनिक शहराचा मुख्य चौक दिसत होता. चौकांत हजारों पुरुष जमले होते. कोणी विशीचे, कोणी पन्नाशी उलटलेले, कोणी लेकराला खांद्यावर बसवून आलेले. आणि यांपैकीं बहुतेकांनीं कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारें, मागच्या बाजूस चुण्या घातलेलें, रंगीत चौकड्यांचें लोकरी वस्त्र नेसलें होतें. यालाच किल्ट म्हणतात. हे लोक मोठमोठ्यानें गात होते, परक्या शहरांतील नागरिकांस मिठ्या मारीत होते, आणि आपला संघ बहुधा हरणार हें ठाऊक असतांहि एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडाप्रमाणें आनंदांत होते.

हें दृश्य पाहून आमच्या घरांत तीन मतें पडलीं. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "हे कसले बाप्ये! घागरे नेसून भर रस्त्यांत नाचतात, यांना घरीं कुणी बोलत नाहीं का?" त्या वेळीं आमच्याकडे आलेले एक स्नेही, जे गणिताचे निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनीं स्वभावानुसार हिशेब मांडला. ते म्हणाले कीं, लाखांच्या संख्येनें माणसें समुद्र ओलांडून जातात, त्यांपैकीं कित्येकांजवळ सामन्याचें तिकीटहि नसतें, आणि हें सर्व कशासाठीं, तर बावीस इसमांनीं एका चेंडूस मारलेल्या लाथा पाहण्यासाठीं! याच वेळाचा व पैशाचा त्यांनीं स्वतःच्या शरीरासाठीं उपयोग केला असता तर त्यांचीं पोटें एवढीं पुढें आलीं नसतीं. आमचा पुतण्या मात्र कांहीं वेळ गप्प बसून होता. शेवटीं तो म्हणाला, "काका, हे लोक हरले तरी घागरा काढणार नाहींत, बघा तुम्ही." त्याच्या या बोलण्याला एक कारण होतें, आणि तें त्याच्याइतकेंच आम्हांसहि ठाऊक होतें. तें पुढें येईलच. तूर्त, या तीन मतांपैकीं कोणतें खरें, हा प्रश्न आम्हांस वाटतो तितका पोरकट नाहीं, एवढेंच सांगून ठेवतों.

मातोश्रींनीं सहज उच्चारलेला घागरा हा शब्द या वेषाच्या बाबतींत नवा नव्हे. कंपनी सरकारच्या व पुढें राणी सरकारच्या फौजेंत स्कॉटलंडच्या डोंगरी मुलुखांतील ज्या पलटणी असत, त्यांस हिंदुस्थानांतील लोक घागरा पलटण म्हणत. नागपूरकरांस तर या पलटणींची ओळख फार महागांत पडली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्यासमोर वेलस्लीनें ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांत ७४ वी व ७८ वी या दोन हायलंडर पलटणी होत्या. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरास वऱ्हाडांत अडगांव येथें भोसल्यांचें सैन्य मोडलें, १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि पुढें दोनच दिवसांनीं झालेल्या देवगांवच्या तहानें कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड दुसऱ्या रघूजींच्या हातून गेलें. पुढें कामठीस गोऱ्यांची छावणी पडली. अशा छावण्यांच्या गांवांतूनच फुटबॉलचा खेळ आपल्याकडे पसरला, व कामठीस त्याचें वेड अजूनहि आहे. तेव्हां ज्या वेषाला आज आम्ही हंसतों, त्या वेषाला आमच्या पणजोबांचे पणजोबा हंसले नसावेत.

परंतु इतिहासाची गंमत अशी कीं, ज्या वेषानें आम्हांस जिंकलें तो स्वतः जिंकल्या गेलेल्या लोकांचा वेष होता. १७४६ सालीं कलोडनच्या लढाईंत डोंगरी स्कॉच लोकांचें बंड मोडल्यावर इंग्रज सरकारनें कायदा करून पुरुषांस व मुलांस हा वेष घालण्याची बंदी केली. बंदींतून सुटका एकट्या सैनिकांची होती. म्हणजे स्वतःच्या घरीं जो वेष घालणें हा गुन्हा, तोच राजाच्या चाकरींत दुसऱ्यांचीं राज्यें बुडवितांना घालावयास मुभा! ही बंदी १७८२ सालीं उठली. पुढें १८२२ सालीं चौथा जॉर्ज बादशहा एडिंबरोस आला, तेव्हां सर वॉल्टर स्कॉटनें सर्व प्रतिष्ठितांस चौकड्यांच्या वस्त्रांत नटवून जो सोहळा केला, त्यापासून हा डोंगरी वेष अवघ्या राष्ट्राचा वेष बनला. आज दिसतो तो आंखूड किल्ट तर अठराव्या शतकांत एका इंग्रज कारखानदाराच्या सोयीसाठीं निघाला, असें कांहीं इतिहासकार म्हणतात. तात्पर्य, हा वेष वाटतो तितका पुरातन नाहीं, व त्याचें चरित्रहि निर्मळ नाहीं. तथापि एवढ्यावरून त्याची थट्टा करणें योग्य होणार नाहीं. आपला फेटा, आपली टोपी, आपलें नऊवारी लुगडें यांचाहि इतिहास कोणी खणूं लागल्यास त्यांतून असेच अनेक थर निघतील. वेषाची थोरवी त्याच्या वयांत नसते. तो अंगावर असतां माणूस कसा वागतो, यांत असते.

आतां हे किल्टधारी प्रेक्षक कसे वागले तें पाहूं. त्यांचा पूर्वेतिहास फारसा उजळ नाहीं. ४ जून १९७७ रोजीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर स्कॉटलंडनें इंग्लंडचा २-१ असा पराभव केला, तेव्हां त्यांच्या पाठीराख्यांनीं मैदानांत घुसून हिरवळ उखडली व गोलाचे खांब मोडून टाकले. हें गैरवर्तन पराभवाच्या संतापानें झालेलें नसून विजयाच्या धुंदीनें झालेलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यानंतरच्या काळांत मात्र या लोकांनीं आपली रीत जाणूनबुजून बदलली. यजमान देशांत पाहुण्यासारखें वागावें, प्रतिपक्षाच्या माणसांशीं सलगी करावी, दंगा करणाऱ्या आपल्याच सोबत्यास आपणच आवरावें, असा अलिखित दंडक त्यांच्यांत पडला. २००३ सालापासून तर टार्टन आर्मी सनशाइन अपील नांवाची त्यांची संस्था, आपला संघ ज्या ज्या परदेशीं खेळावयास जाईल, तेथील दीन किंवा आजारी मुलांसाठीं कांहींना कांहीं देणगी देऊन येते. आणि हें सर्व कोणत्या संघासाठीं? १९५४ पासून २०२४ पर्यंत जगज्जेतेपदाच्या व युरोपच्या ज्या ज्या मुख्य स्पर्धांत स्कॉटलंडचा संघ उतरला, त्यांपैकीं एकींतहि तो पहिल्या फेरीच्या पलीकडे गेला नाहीं. म्यूनिकचा सामना ते ५-१ असे हरले. कोलोनला स्वित्झर्लंडशीं १-१ अशी बरोबरी झाली. श्टुटगार्टला हंगेरीनें अगदीं शेवटीं, शंभराव्या मिनिटास गोल करून त्यांचा निकाल लावला. अनेकजण रडले, पण किल्ट कोणी काढला नाहीं. पुतण्याचें भाकीत खरें ठरलें.

येथें आमच्या गणिती स्नेह्यांच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो त्यांचा एकट्याचा नाहीं. आपल्या प्रांतांत व्यायामाची एक थोर परंपरा आहे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक भरलें असतां त्याचें पथक तेथें जाऊन हिंदी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें. या परंपरेंत वाढलेल्या माणसाच्या मतें खेळ हा खेळावयाचा असतो, पाहावयाचा नसतो. दुसऱ्यानें जोर काढावेत आणि आपण आरोळ्या माराव्यात, यांत कसला पुरुषार्थ? तालमींतील मातीला अंग लागल्यावांचून कुस्तीविषयीं बोलूं नये, असें आमच्या लहानपणींचे वस्ताद म्हणत, व त्यांत पुष्कळ तथ्य आहे. परंतु हाच न्याय सर्वत्र लावूं म्हटल्यास गाणें गाणाऱ्यानेंच ऐकावें व नाटक नटांनींच पाहावें, असें म्हणण्याची पाळी येईल. मैफलींत समेवर मान हलविणारा श्रोता रिकामटेकडा नसतो. गवयी त्याच्यासाठीं गातो. चांगला श्रोता समोर असला तर गाणें अधिक रंगतें, व अडाणी असला तर तें उतरतें. खेळाचेंहि तसेंच आहे. जो प्रेक्षक जाणता आहे, ज्याला चेंडूची फिरकी व फलंदाजाचा पाय दोन्ही कळतात, तो खेळाचा भागीदार आहे. तेव्हां पाहणें हें पाप नव्हे. कसें पाहावें, हा खरा प्रश्न आहे.

मात्र मैफल व सामना यांत एक भेद आहे, आणि सगळी अडचण त्या भेदांतच आहे. यमन रागाला कोणी शत्रु नसतो. सामन्यांत एक आपला व एक परका असतो, आणि आपल्याच्या सुखांत परक्याचें दुःख अटळ असतें. ही अडचण आजची नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत ती आलेली आहे. पहिलें नाटक झालें तें इंद्रध्वजाच्या उत्सवांत, आणि त्याचा विषय देवांनीं दैत्यांचा केलेला पराभव. प्रेक्षकांत दैत्यहि होते. आपला पराभव रंगभूमीवर पाहून ते खवळले, आणि विघ्नांना हाताशीं धरून त्यांनीं नटांची वाणी, हालचाल व स्मरण हीं सारीं जागच्या जागीं थिजवून टाकलीं. मग इंद्रानें ध्वजाची काठी उपसून त्यांना झोडपलें. म्हणजे आपल्या परंपरेप्रमाणें जगांतील पहिल्या नाट्यप्रयोगाची अखेर मारामारींत झाली! शेवटीं ब्रह्मदेवानें दैत्यांस जवळ बोलावून समजाविलें कीं, हा खेळ एकट्या देवांच्या गौरवासाठीं नाहीं. त्यांत तुम्हींहि आहांत, अवघें त्रैलोक्य आहे. इंद्राच्या काठीनें गोंधळ थांबला असेल. पण प्रेक्षक निर्माण झाला तो ब्रह्मदेवाच्या या बोलण्यानें, असें आम्ही समजतों.

जेथें अशी समजूत घालणारा कोणी नव्हता, तेथें काय झालें याची साक्ष इतिहास देतो. कॉन्स्टँटिनोपल शहरांत रथांच्या शर्यतींचे प्रेक्षक निळे व हिरवे अशा दोन पक्षांत वांटले गेले होते. हे रंग प्रथम सारथ्यांच्या अंगरख्यांचे. पण होतां होतां ते प्रेक्षकांच्या रक्तांत उतरले. सन ५३२ च्या जानेवारींत या पक्षांचा दंगा पेटला, अर्धें शहर जळालें, आणि जस्टिनियन बादशहाच्या सैन्यानें शर्यतीच्या मैदानांतच सुमारें तीस हजार माणसें कापून काढलीं, असें त्या काळच्या लेखकांनीं लिहून ठेवलें आहे. आपल्याकडे मुंबईचे क्रिकेटचे सामने १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी झाले. युरोपियन, पारशी, हिंदु, मुसलमान व शेष अशी ती वांटणी होती. १९४० च्या डिसेंबरांत हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि वर्ध्यास गांधीजींस भेटले, तेव्हां त्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, कॉलेजांचे व संस्थांचे सामने समजूं शकतात, पण धर्मांचे सामने समजत नाहींत. या सामन्यांवर प्रेम करणारेहि पुष्कळ होते, व मैदानावर दोन्हीं बाजूंच्या खेळाडूंत मैत्री असे हेंहि खरें आहे. पण प्रेक्षक मैदानावरून घरीं जातांना काय घेऊन जातो, याकडे गांधीजींचें लक्ष होतें. १९४६ सालीं ते सामने बंद पडले.

घरीं जातांना प्रेक्षक काय घेऊन जातो, ही कसोटी आमच्या मतें सर्वांत खरी. ती लावून आपल्याच लोकांकडे पाहिलें तर मान खालीं घालावी लागते. पळवणकर बाळू हा त्या काळचा हिंदुस्थानांतील श्रेष्ठ गोलंदाज. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यानें शंभरावर बळी घेतले. जातीनें तो चर्मकार होता. पुण्यास त्याच्या गोलंदाजीवर जे टाळ्या वाजवीत, त्यांच्याच जिमखान्यांत चहाच्या वेळीं त्याला बाहेर बसवून मातीच्या निराळ्या पेल्यांत चहा देत. हिंदु संघाचें कर्णधारपद बाळूस कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल यास मिळालें, आणि हिंदु संघ त्या वर्षीं जिंकला. बाळूला टाळ्या कमी पडल्या नव्हत्या. पण टाळी वाजवावयास कांहीं पडत नाहीं. ती वाजली कीं हात मोकळे होतात. पेला पुढें करावयाचा तर त्याला किंमत पडते. ज्याच्या टाळ्या मैदानाच्या फाटकाशीं संपतात, त्यानें खेळ पाहिला, पण खेळाडूला पाहिलें नाहीं.

म्हणूनच प्रेक्षकाच्या वेषाचा प्रश्न आम्ही महत्त्वाचा समजतों. वेष घालणें दोन प्रकारचें असतें. एक सोंग घेणें आणि दुसरें माळ घालणें. सोंग रंगपंचमीचें, संध्याकाळीं धुवून टाकावयाचें. माळेचें तसें नाहीं. आपल्या घराण्यांत कोणी तुळशीची माळ घातली म्हणजे नुसता दागिना चढत नाहीं. त्या दिवसापासून खाण्यापिण्यावर, बोलण्यावर, वागण्यावर बंधन येतें. माळकऱ्यानें खोटें बोलल्यास लोक म्हणतात, "अरे, गळ्यांत माळ आहे ना?" माळ ही इतरांना दिलेली हमी असते. शिवाय वारकरी फळाचा हिशेब ठेवीत नाहीं. आषाढींत गाभाऱ्यापर्यंत पोंचणें न जमलें तर तो कळसाचें दर्शन घेऊन समाधानानें परत फिरतो. यंदां देव भेटला नाहीं म्हणून माळ तोडून चंद्रभागेंत टाकीत नाहीं. म्यूनिकच्या चौकांतील तो चौकड्यांचा घागरा आम्हांस या जातीचा वाटला. त्या लोकांत मद्यपी असतील, वाचाळ असतील. त्यांस संतपदीं बसविण्याचा आमचा हेतु नाहीं. पण परक्या गांवीं आपल्या देशाचें वस्त्र नेसल्यावर आपण बांधले गेलों, हें त्यांस कळतें. आणि हरल्यावर तें उतरवावयाचें नसतें, हेंहि कळतें.

कोणी म्हणेल, ज्यास हरण्याचें दुःख नाहीं त्याच्या हंसण्यास काय किंमत? जिंकण्याची इच्छाच मेली असेल तर ती निष्ठा कसली, ती तर निव्वळ बेपर्वाई. हा आक्षेप योग्य आहे. पण तो येथें लागत नाहीं. श्टुटगार्टला जे रडले त्यांना पर्वा होती. पराभवाची पर्वा नसणें वेगळें, आणि पराभव सोसणें वेगळें. सोसणाऱ्याला दुःख होतें. परंतु तो त्या दुःखाचा वांटा दुसऱ्याच्या माथीं मारीत नाहीं. तो पंचाला शिव्या देत नाहीं, प्रतिपक्षाला हिणवीत नाहीं, आणि मुख्य म्हणजे आपल्याच हरलेल्या माणसांकडे पाठ फिरवीत नाहीं.

आतां पुतण्याच्या बोलण्याचें कारण सांगतों. १५ मार्च २०१६ रोजीं नागपुराजवळ जामठा येथील मैदानावर हिंदुस्थान व न्यूझीलंड यांचा वीस षटकांचा जागतिक सामना झाला. पुतण्या तेव्हां बारा वर्षांचा होता. निळा सदरा, निळी टोपी, गालांवर निळा रंग असा सगळा थाट करून त्यानें आम्हांस बरोबर नेलें. स्टेडियम निळ्या सदऱ्यांनीं भरून गेलें होतें. न्यूझीलंडच्या १२६ धावा झाल्या. त्या कांहीं फार नव्हेत. पण आपले फलंदाज एकामागून एक परतूं लागले. सहा सात जण बाद झाल्यावर आमच्या आसपासचीं माणसें उठूं लागलीं. घटकेपूर्वीं ज्यांच्या नांवानें घोष चालला होता त्यांना आतां आमच्या कानांदेखत नाहीं नाहीं तें बोललें जात होतें. आम्हीहि उठलों. शेवटचा गडी बाद होण्यापूर्वीं निघालें म्हणजे वर्धा रस्त्यावरची गर्दी चुकेल, असें आम्हीं पुतण्यास समजाविलें. हिंदुस्थानचा डाव ७९ धावांत आटोपल्याचें आम्हांस वाटेंत कळलें.

वाटेंत एका चहाच्या टपरीशीं आम्ही थांबलों. तेथें नळ होता. पुतण्या गालांवरचा रंग घासघासून धुवूं लागला. आम्हीं विचारलें, "अरे, घरीं जाऊन धू ना!" तो म्हणाला, "नको. घरीं सगळे हंसतील." आणि मग ओल्या तोंडानें त्यानें आम्हांस विचारलें, "काका, आपण कुणासाठीं आलों होतों?" या प्रश्नाला आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तीस वर्षें आम्ही वर्गांत निष्ठा, औदार्य, स्थितप्रज्ञता इत्यादि विषयांवर व्याख्यानें दिलीं. पण ज्या एका संध्याकाळीं एक मूल आमच्याकडे पाहून शिकत होतें, त्या संध्याकाळीं आम्हीं त्याला एवढेंच शिकविलें कीं, आपलीं माणसें हरूं लागलीं म्हणजे गर्दी होण्यापूर्वीं निघावें. तो निळा सदरा आमच्या हातीं माळ नव्हे, सोंगच ठरला. आणि त्यांत दोष सदऱ्याचा नव्हता.

या प्रसंगाला नऊ वर्षें लोटल्यावर २०२५ सालीं त्याच मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. विदर्भाविरुद्ध केरळ. विदर्भानें हा करंडक २०१७-१८ व २०१८-१९ अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकला होता; केरळचा संघ अंतिम सामन्यास मात्र प्रथमच पोंचला होता. पांच दिवसांचा खेळ. ज्या स्टेडियमांत चाळीस हजारांवर माणसें मावतात, तेथें आम्ही बसलों होतों त्या बाजूस मोजून शंभर-दीडशें माणसें असतील. आपल्या मातींतले खेळाडू रणजी करंडकासाठीं झुंजत आहेत, आणि नागपूर आपापल्या कामांत आहे! निळा सदरा दुकानांत मिळतो, तो एका संध्याकाळपुरता मिळतो. पांच दिवस उन्हांत बसण्याची माया दुकानांत मिळत नाहीं. या वेळीं पुतण्या आमच्याबरोबर आला तो साध्या कपड्यांत.

आमच्या पुढच्या रांगेंत एक मल्याळी गृहस्थ बसले होते. पांढरें शुभ्र, जरीकांठी मुंडू त्यांनीं नेसलें होतें. तीस वर्षें नागपुरांत नोकरींत काढल्यामुळें ते मराठी चांगलें बोलत. तिसऱ्या दिवशीं केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला. शतकास दोन धावा कमी, आणि विदर्भाची धावसंख्या गांठण्याची केरळची मुख्य आशा संपली. आमच्या आजूबाजूस आनंदाची आरोळी उठली. ते गृहस्थ उभे राहून सावकाश टाळ्या वाजवूं लागले. आमच्या मनांत त्या वेळीं आनंदच होता, हें लपवीत नाहीं. पण आम्हीहि उभे राहिलों, आणि पुतण्या आमच्या आधीं उभा होता. केरळचा डाव ३४२ धावांवर संपून विदर्भास ३७ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिल्यास करंडक विदर्भास मिळणार, हें तेव्हां उघड होतें.

पांचव्या दिवशीं ते गृहस्थ पुन्हां आले. केरळ जिंकण्याचा संभव उरला नव्हता. विदर्भाचे फलंदाज निवांत खेळत होते. खेळास रंग असा नव्हताच. आम्हीं त्यांस विचारलें कीं, आतां पाहण्यासारखें कांहीं राहिलें नसतां आपण कां आलांत? ते जरा हंसले, मुंडूची घडी सारखी केली, आणि म्हणाले कीं, लहानपणापासून वाट पाहत होतों; मुलें एवढ्या लांब आलीं आहेत, तीं मैदानांतून बाहेर पडतील तेव्हां त्यांच्याकडचें कुणी तरी बसलेलें असावें. विदर्भाच्या ९ बाद ३७५ धावा झाल्यावर सामना थांबला. करंडक आमच्याकडे आला. ते गृहस्थ शेवटपर्यंत बसून होते. जातांना त्यांनीं आमचें व पुतण्याचें अभिनंदन केलें, जणू त्या धावा आम्हींच काढल्या होत्या.

परत येतांना वर्धा रस्त्यावर तीच टपरी लागली. पुतण्यानें नळाकडे एकवार पाहिलें. बोलला कांहीं नाहीं. आम्ही शेवटच्या चेंडूपर्यंत बसलों होतों, याचें थोडें समाधान आमच्या मनांत होतें. पण विचार करतां तेंहि फारसें खरें वाटेना. कारण त्या दिवशीं आम्ही जिंकलों होतों, आणि जिंकल्यावर बसून राहण्यास कांहीं लागत नाहीं. परीक्षा झाली ती त्या मुंडू नेसलेल्या गृहस्थांची, व ते उत्तीर्ण झाले. आमची परीक्षा जामठ्याला किंवा दुसऱ्या एखाद्या मैदानावर पुन्हां केव्हां तरी व्हावयाची आहे. त्या दिवशीं आमचीं माणसें एकामागून एक बाद होत असतां वर्धा रस्त्यावरील गर्दीची आठवण आम्हांस न यावी, एवढीच इच्छा आहे.